माझी कंपास आणि नवी मुलगी

ताईंनो, आज वह्या तपासायच्या आधी एक माझीच गोष्ट सांगते.

मी पाचवीत होते. दिवाळीनंतर वर्गात एक नवी मुलगी आली, पारधी वस्तीवरची. तिसऱ्याच दिवशी माझी कंपासपेटी हरवली. मी सरळ तिच्याकडे बोट दाखवलं. पाहिलं होतं का? छे! बाईंनी सगळ्यांसमोर तिचं दप्तर उलटं केलं. दोन वह्या, पेन्सिलीचा तुकडा आणि फडक्यात बांधलेली अर्धी भाकरी. ती रडली नाही. खाली बसून एकेक वस्तू परत भरत राहिली.

संध्याकाळी कंपास घरीच सापडली, शिलाई मशीनखाली. धाकट्याने खेळायला घेतली होती. आई म्हणाली, "बरं झालं, मिळाली." मीही गप्प बसले. ती मुलगी पुन्हा शाळेत आली नाही.

दहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यात हे आलं कुठून? आपल्या ओट्यावरच्या गप्पांतून. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. पुढे पारध्यांवरही तो शिक्का बसला. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, पण ओट्यावर तो अजून चालूच आहे, नाही का?

म्हणून सांगते, पोरगं घरी येऊन "तिनेच घेतलं" म्हणालं, की आधी विचारा, "तू पाहिलंस का?" मग घर शोधा. वस्तू सापडली तर दुसऱ्या दिवशी स्वतः त्याच्याबरोबर शाळेत जा. नाव वर्गासमोर घेतलं असेल, तर माफीही वर्गासमोरच मागायला लावा. मला कुणी नेलं नाही, ते अजून सलतं.

चला, आता वह्या काढा.