परसबाग : आरंभ मातीपासून



मागील दारी अळू, कढीपत्ता आणि मिरचीची चार रोपे असणे, ही एके काळी घरोघरची सहज गोष्ट होती. मोरीचे पाणी अळवाला मिळे, भाजीची देठे खड्ड्यात कुजून त्यांचे खत होई. वाडे गेले, सदनिका आल्या आणि परसाबरोबर हे चक्रही खंडित झाले. आज तीच देठे प्लास्टिकच्या पिशवीतून कचराभूमीकडे जातात.

हे चक्र सदनिकेतही पुन्हा जोडता येते. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून पालापाचोळ्यापासून सुपीक माती घडविण्याचा विचार रुजविला. मुंबईत तत्कालीन पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघरातील कचऱ्यावर तेथील गच्चीत बाग फुलली.

नवशिक्याने म्हणूनच बियाण्यापूर्वी मातीचा विचार करावा. भोके असलेल्या पिंपात वाळलेली पाने आणि भाजीची साले यांचे आलटून पालटून थर द्यावेत. मध्ये थोडे शेण किंवा आंबट ताक शिंपडावे. तेलकट, खारट उष्टे त्यात टाकू नये. दुर्गंधी आल्यास ओलावा अधिक झाला असे समजून सुकी पाने वाढवावीत. साधारण तीन महिन्यांत खत तयार होते. ते मातीत मिसळल्यास कुंडी हलकी राहते आणि गच्चीवर भारही कमी पडतो.

पहिले पीक मेथीचे घ्यावे. रात्रभर भिजविलेले दाणे पेरल्यास चार-पाच दिवसांत अंकुर दिसतात आणि महिन्याभरात भाजी खुडता येते. धने मात्र हलके रगडून, दोन दले सुटी करून पेरावेत. पालेभाजीला चार-पाच तास ऊन पुरते. टोमॅटो, वांगी यांना सहा तास तरी हवे. पाणी घालण्यापूर्वी बोटाचे एक पेर मातीत खुपसून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. पाण्याअभावी जितकी रोपे जातात, त्याहून अधिक अतिपाण्याने कुजतात.

एका कुंडीतून कुटुंबाचा भाजीखर्च भागणार नाही, हे खरे. परंतु महिनाभर जपलेल्या रोपावर एका रात्रीत मावा पडला की घरातील मूल हळहळते. ज्याचे अख्खे शेत असे जाते, त्या शेतकऱ्याचे दुःख त्याला त्या दिवशी प्रथम कळते. मग पानातील भाजी टाकताना त्याचा हात थांबतो. हा संस्कार बाजारात विकत मिळत नाही. या आठवड्यात एका पिंपापासून त्याचा आरंभ व्हावा.