सातबाऱ्यावरची नावे
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सभासदांपुढे केलेले भाषण)



अशा मंगल प्रसंगी वारसनोंद आणि हक्कसोडपत्र असला रुक्ष विषय निवडल्याबद्दल कार्यवाहांनी मला प्रेमाने टोकले आहे. परंतु येथे बसलेल्यांपैकी पुष्कळांची नावे महाराष्ट्रातील कोणत्या ना कोणत्या सातबाऱ्यावर असावीत असा माझा अंदाज आहे. आणि त्या जमिनीचे पुढे काय, हा प्रश्न आपण दर दिवाळीला गावी नेतो व तसाच परत आणतो.

आपण ज्या गावात राहतो त्याची कथाही जमिनीचीच. फाळणीने उखडल्या गेलेल्या सरहद्द प्रांतातील कुटुंबांसाठी १९४९ साली हे औद्योगिक नगर वसविण्यात आले. त्या लोकांना मागची जमीन सोडावीच लागली. आपण आपल्या पायांनी आलो, आणि जमीन न सोडता आलो.

पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. तेथील सरासरी धारणा १७७१ मध्ये ४० एकर होती, १८१८ मध्ये साडेसतरा झाली, आणि १९१४-१५ मध्ये अवघी सात उरली. (आज त्या गावी उंच इमारती आहेत, शेताचा बांध शोधून सापडणार नाही.) पुढच्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लहान धारणांवर निबंध लिहिला व निराळे निदान केले. तुकडे हे केवळ लक्षण. खरा रोग म्हणजे शेतीवर विसंबलेली माणसांची गर्दी, आणि त्यावर उपाय औद्योगिकीकरण. मी १९७४ मध्ये येथील कारखान्यात रुजू झालो, तेव्हा नकळत त्या उपायाचाच एक अंश झालो म्हणायचे! परंतु माणूस शेतीवरून उठला तरी त्याचे नाव उठत नाही. महाराष्ट्रातील सरासरी धारणा १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ती १.३४ हेक्टर भरली.

आता घरचे सांगतो. खटाव तालुक्यात आमची नऊ एकर जमीन. वडील १९९३ मध्ये वारले आणि सातबाऱ्यावर आई, आम्ही दोघे भाऊ व थोरली बहीण अशी चार नावे लागली. नांगर मात्र एकट्या धाकट्याचा. विहीर खोल करण्यासाठी त्याला कर्ज हवे होते. सर्व सहधारकांच्या संमतीवाचून ते मिळेना. त्याने कागद मजकडे पाठविला. पुढच्या रजेत गेलो की समक्षच सही करू, अशा विचाराने तो मी कपाटात ठेवला. ते वर्ष २००३, दुष्काळाचे. डाळिंबाची बाग त्याच्या डोळ्यांदेखत वाळली. त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही, ही गोष्ट मला आजही बोचते.

२०११ मध्ये मी माझा हिस्सा त्याच्या नावे सोडला. आई तोवर गेली होती. बहिणीचीही सही त्याच दिवशी उरकावी, असे आम्ही दोघा भावांनी परस्पर ठरविले आणि रिवाजाप्रमाणे साडी-चोळी घेऊन तिच्या घरी गेलो. तिने साडी घेतली, चहा दिला आणि मग म्हणाली, "बाकीचं सोडते, पण विहिरीकडची पट्टी माझ्या नावावर राहू दे. माझ्या लग्नाचं कर्ज आबांनी त्या पट्टीवर फेडलं." मी कायद्याची पोथी वाचून गेलो होतो, तरी माझी मान खाली गेली. मुलींचा वाटा १९५६ च्या कायद्यातही होता. १९९४ मध्ये महाराष्ट्राने अविवाहित मुलींपुरती व २००५ मध्ये केंद्राने सर्व मुलींना मुलांशी बरोबरी दिली, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क जन्मसिद्ध ठरविला. हे सारे असूनही बहीण वाटा मागते तेव्हा माहेर तुटल्याची भाषा आपणच बोलतो. धाकटा दोन वर्षे तिच्याशी नीट बोलला नाही. आता ती दीड एकराची पट्टी तोच वाट्याने करतो व सुगीनंतर तिच्या घरी शाळूची पोती स्वतः पोहोचवितो.

कागदांचे एवढेच सांगतो. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदविलेले असावे. घरच्या वहीतील सह्यांना किंमत नाही. फेरफार झाला की नाही ते स्वतः पाहावे. सातबारा आता मोबाईलवरही दिसतो. पीकपाहणीची नोंद मात्र, २०२१ पासून ती मोबाईलवर आली असली तरी, शेतात उभे राहून छायाचित्र घेऊनच करावी लागते. ती फरीदाबादेतून होत नाही. वडीलधारे हयात असतील तर त्यांच्यासमोर बसा, आणि त्या बैठकीला बहिणींनाही बोलवा.

माझा मुलगा येथेच जन्मला. त्याला आमचा गट क्रमांक ठाऊक नाही, आणि आता त्याची गरजही नाही. पुतण्या कृषी पदवीधर आहे. गेल्या महिन्यात त्याने विचारले, "काका, माळावर आंबा लावू का?" आंब्याला फळ धरायला चार-पाच वर्षे लागतात, आणि जमीन अजून त्याच्या वडिलांच्या नावे आहे. मी म्हटले, "बाबांना विचार." त्याने विचारले आहे. धाकट्याने अद्याप उत्तर दिलेले नाही.