जुन्या घराची भिंत : तापमापक काय सांगतो?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



आपल्या लष्करात अजून दोन-दोन फूट दगडी भिंतींची घरे आहेत, आणि बहुतेक घरांत भावाभावांत एकच वाद आहे. घर राखायचे की पाडायचे? राखायचे तर पैसा कुठे घालायचा? या वादात भिंतीबद्दल सगळे बोलतात, मोजत मात्र कोणी नाही.

मोजण्याची कथा इंग्लंडची आहे. तिथे जुन्या भरीव विटांच्या भिंतीतून दर चौरस मीटरला, आतबाहेर एका अंशाचा फरक असता, २.१ वॅट उष्णता जाते असे हिशेबात धरत. याला यू-मूल्य म्हणतात. २०१५ साली ५८ प्रत्यक्ष भिंतींची मोजणी प्रसिद्ध झाली. सरासरी निघाली सुमारे १.३. पुढे सरकारी हिशेबातला आकडाही १.७ वर आणला गेला. हा नुसता दशांशाचा खेळ नव्हे. भिंतीला अस्तर लावून मूल्य ०.३ वर आणले, तर कागदावर बचत १.८ची, प्रत्यक्षात १.०ची. खर्च मात्र तेवढाच!

मोजतात कसे? उत्तरेच्या भिंतीवर, ऊन, खिडकी आणि शेगडीपासून दूर, आतल्या बाजूने एक बशीएवढी चकती चिकटवतात. तिच्यातून जाणारी उष्णता ती नोंदवते. आत-बाहेर एकेक तापमापक. सरासरी प्रवाह १५ वॅट आणि सरासरी फरक १० अंश, तर मूल्य १.५. निदान तीन दिवस मोजावे लागते, बहुधा दोन आठवडेही. कारण भिंत स्वतः उष्णता साठवते आणि सवडीने सोडते. तासाभराचे माप म्हणूनच फसवे. उष्णतेचे रंगीत फोटो काढणारा कॅमेरा गळती कुठे ते छान दाखवतो, किती ते सहजी सांगत नाही.

आता आपल्याकडे. हिशेब केला तर दोन फूट वालुकाश्माची भिंत आणि नऊ इंची विटांची भिंत, दोघींचे यू-मूल्य जवळपास सारखेच येते. दगड उष्णता चांगलीच वाहून नेतो. (हे ऐकून आमच्या घरातली वडीलधारी मंडळी नाराज झाली.) मग दुपारी माजघर गार का? तर उशिरामुळे. नऊ इंची विटेतून उष्णतेची लाट आत यायला सहा-सात तास लागतात, दोन फूट दगडातून बारा-तेरा. दुपारचे ऊन आत पोचते तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते आणि खिडक्या उघड्या असतात.

म्हणून आतून अस्तर लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याने दगडाची ही साठवण खोलीपासून तुटते. पैसा छतावर घालावा. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो, आणि उत्तरेच्या भिंतीपेक्षा फरशीचे छत कितीतरी जास्त तापते.

आपल्या घरांत हीटर नसतो, आतबाहेर सरासरी फरक थोडा, त्यामुळे ती चकती इथे फारशी कामाची नाही. दोन साधे तापमापक पुरेत. एक बाहेर सावलीत, एक आत भिंतीला टेकवून. पुढच्या वैशाखात चार दिवस दर दोन तासांनी वही भरा. बाहेरचा उच्चांक कधी, आतला कधी, एवढेच पाहा. मग तापमापक छताखाली टांगून तीच वही पुन्हा भरा.