पाठीवरचे बिऱ्हाड
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



फाइलींवर टिपणे लिहिण्यात ज्याची तीस वर्षे गेली, त्याने व्याख्यानमालेत विद्वत्तेच्या वाटेस जाऊ नये, हे आम्ही जाणून आहोत. तेव्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये रत्नागिरी शहर आणि त्याचा परिसर आम्ही एका चाकांवरच्या घरातून पाहिला, त्याची हकीकत तेवढी सांगावी असे ठरविले. तीत काही ठिकाणी आमची फजितीही आहे.

आपल्यापैकी बहुतेकांच्या सेवापुस्तिकेत 'स्वग्राम' असा एक रकाना आहे. नियमाप्रमाणे तो सबंध नोकरीत एकदाच बदलता येतो. आमच्या त्या रकान्यात वडिलांच्या इच्छेनुसार रत्नागिरी तालुक्यातील, पावसच्या अलीकडच्या एका वाडीचे नाव आहे. वस्तुतः आमचा जन्म येथला, आर. के. पुरमच्या क्वार्टरमधला. मंडळाच्या पहिल्या गणेशोत्सवात खुर्च्या वाहणाऱ्यांत आमचे वडील होते, असे वडीलधारी मंडळी सांगतात. ते गेले, गावचे घर सांभाळणारे चुलत बंधू डोंबिवलीस स्थायिक झाले, आणि एका पावसाळ्यात घराचे छप्पर बसले. राहिले ते जोते. चिरंजीवांनी सरळ प्रश्न केला, "बाबा, जिथे आपले काहीच नाही, ते गाव स्वग्राम कसे?" रकाना बदलण्याचा अर्ज आम्ही लिहूनही ठेवला होता.

अडले ते आमच्या मातोश्रींपाशी. त्यांचे वय त्र्याऐंशी, दोन्ही गुडघे निकामी. त्यांचे म्हणणे एवढेच, की एक रात्र घरी निजायचे आहे. घर नाही हे आम्ही पुनःपुन्हा सांगितले. लॉजमध्ये राहू म्हटले, तर "लॉजात निजायला गावी कशाला जायचे?" हा त्यांचा सवाल. शिवाय त्यांना उंच शौचकूप लागतो, आणि वाडीवर तो कोठला असणार, असा आमचा समज. अखेर कन्येने मोटारघर शोधून काढले. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये अशा वाहनांसाठी व त्यांच्या तळांसाठी धोरण जाहीर केले, तेव्हापासून ती चालकासह भाड्याने मिळू लागली आहेत. पाचांची निजण्याची सोय, लहानशी शेगडी, शीतकपाट, न्हाणीघर आणि तो उंच शौचकूप, असा सारा संसार एका मिनीबसच्या पोटात! विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर ही म्हण आम्ही प्रत्यक्ष पाहिली. भाड्याचा आकडा ऐकून सौभाग्यवतींनी दोन दिवस अबोला धरला, हे ओघाने आलेच. रेल्वेचे भाडे एल. टी. सी.त बसले. खासगी भाड्याच्या वाहनाचा खर्च नियमात बसत नाही, आणि तो बसविण्याची खटपट आम्ही केली नाही.

निजामुद्दीनहून आगगाडीने रत्नागिरीस पोहोचलो. मोटारघर पुण्याहून आंबा घाट उतरून स्थानकावर येऊन थांबले होते. त्या दिवशी पहिला धडा मिळाला तो असा, की जुन्या रत्नागिरीच्या आळ्या अशा वाहनासाठी नाहीत. म्हणून काजळी नदी समुद्रास मिळते तेथे, भाट्याच्या सुरूच्या बनाजवळ बिऱ्हाड थाटले आणि शहर रिक्षाने पाहिले. लोकमान्यांचे १८५६ मधील जन्मस्थान असलेले टिळक आळीतील घर पाहिले. सावरकरांच्या रत्नागिरीतील वास्तव्यात, १९३१ मध्ये, भागोजीशेठ कीरांच्या औदार्याने सर्व जातींसाठी खुले झालेले पतितपावन मंदिर पाहिले. मातोश्री रिक्षातूनच हात जोडीत होत्या.

मन अधिक रेंगाळले ते थिबा राजवाड्यात. ब्रह्मदेशचा हा शेवटचा राजा १८८५ च्या युद्धात राज्य गमावून बसला आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी त्याला रत्नागिरीस आणून ठेवले. त्याआधी १८५८ मध्ये त्यांनी दिल्लीचा अखेरचा बादशहा बहादुरशहा जफर रंगूनला धाडला होता. दिल्लीचा बादशहा ब्रह्मदेशात पुरला गेला आणि ब्रह्मदेशचा राजा कोकणात! आपण दिल्लीकर कोकण्यांनी या अदलाबदलीकडे थोडे अधिक लक्ष द्यावयास हवे. थिबाला हा लाल वाडा राहावयास मिळाला १९१० मध्ये, म्हणजे आल्यावर चोवीस वर्षांनी. क्वार्टरच्या प्रतीक्षायादीत तिष्ठलेल्या आम्हां मंडळींस त्याच्याविषयी बंधुभाव न वाटला तरच नवल. वाडा मिळाला तरी भोगण्यास अवघी सहा वर्षे मिळाली; १९१६ च्या डिसेंबरात तो वारला. राणी सुपयालत पुढे मायदेशी परतली, राजा मात्र रत्नागिरीच्याच मातीत राहिला. वाड्याच्या बाजूने भाट्याची खाडी आणि तिच्यापलीकडचा समुद्र दिसतो. येथे बसून तो रोज पाण्याकडे पाहत असेल, असे कन्या म्हणाली. त्यावर मातोश्री एवढेच बोलल्या, "त्याच्या गावाला जायची बोट त्याला कोण देणार होते!" आम्ही काही बोललो नाही.

रात्री दुसरा धडा मिळाला. चिरंजीवांनी दिल्लीच्या सवयीने स्नान केले आणि टाकी रिकामी झाली. फिरत्या घरात पाणी मोजून वापरावे लागते, मैलापाणी कोठे सोडावयाचे याची तजवीज आधी करावी लागते, आणि वातानुकूलन चालवावयाचे तर कोणाकडून तरी वीज घ्यावी लागते. आम्ही थांबलो तेथे तळ असा नव्हता. शेजारच्या एका सद्गृहस्थांनी अंगणातून तार ओढू दिली आणि पैसे घेण्याचे नाकारले.

दुसऱ्या दिवशी आरे-वारेच्या किनाऱ्याने गणपतिपुळ्यास गेलो. त्या रस्त्याच्या एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस खाली पांढरी वाळू आणि निळे पाणी. डोळ्यांचे पारणे फिटते म्हणतात ते अशाच वेळी. परंतु एका वळणावर समोरून एस. टी. आली. आमचा चालक देशावरचा. त्याला चढावर मागे घेण्याचे धैर्य होईना. शेवटी एस. टी.चे चालक स्वतः खाली उतरले, आमचे वाहन त्यांनी सफाईने मागे घेतले, आणि "असले घर घेऊन पावसाळ्यात येऊ नका हो," असा सल्ला देऊन गेले. पुळ्याचा गणपती पश्चिमाभिमुख आणि डोंगर हेच त्याचे रूप, म्हणून प्रदक्षिणा घालावयाची ती सबंध टेकडीला. मातोश्रींना ती शक्य नव्हती. गाडीच्या खिडकीशी बसून, समुद्राकडे पाहत त्यांनी आमची वाट पाहिली. जवळच मालगुंडला केशवसुतांचे जन्मघर व कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेले स्मारक आहे. मुलांनी केशवसुतांचे नाव प्रथम तेथे ऐकले, हे सांगावयास लाज वाटते.

तिसरा दिवस वाडीचा. भाट्याचा पूल ओलांडून गोळपच्या सड्यावर चढलो. दोहो अंगांस जांभ्याचा काळसर कातळ, मध्येच मोहोरलेल्या कलमांच्या बागा. वाडीपाशी आलो आणि जे आधी ध्यानी यावयास हवे होते ते तेव्हा आले. आमची वाडी रस्त्याच्या खाली आहे. तेथे उतरते ती जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी. मोटारघर रस्त्यावरच थांबले. घर अंगणापर्यंत नेण्याचा सारा बेत, एवढे भाडे भरून, शे-दीडशे पायऱ्यांनी हाणून पाडला. दिल्लीत बसून नकाशा पाहणाऱ्यास पाखाडी दिसत नाही.

शेजारच्या काकी वर आल्या. मातोश्रींना पाहून त्या काही क्षण नुसत्याच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "वहिनी, गाडीत कसल्या निजता? पडवी झाडून ठेवली आहे." त्यांच्या मुलाने आणि आणखी तिघांनी खुर्चीला बांबू बांधले आणि मातोश्रींना खाली नेले. आम्ही छत्री धरून मागून चालत होतो. दुसरे करण्यासारखे काही नव्हते.

जोत्यावर रान माजले होते. मातोश्री तासभर तेथे बसल्या. ओटी कोठे, माजघर कोठे, घिरट कोठे, चूल कोणत्या अंगास, हे सारे त्यांनी काठीने दाखविले. आमच्या वडिलांची दिल्लीची नेमणूक आल्याचे पत्र सासऱ्यांनी कोणत्या खांबाशी उभे राहून वाचले, तीही जागा दाखविली. ही गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती. सासरे पत्र वाचून काही बोलले नाहीत, गुरे सोडावयास निघून गेले, एवढेच त्यांनी सांगितले. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "घर नाही म्हणून सांगत होतास. एवढे आहे की!"

त्या रात्री मातोश्री काकींच्या पडवीत निजल्या. तेथून जोते दिसते. ज्या उंच शौचकूपासाठी आम्ही मोटारघर केले, तो काकींच्या घरी दोन वर्षांपूर्वीच, त्यांच्या यजमानांच्या आजारपणात बसविला होता! आम्ही उरलेले चौघे पाखाडीच्या तोंडाशी त्या महागड्या खोक्यात, विजेवाचून उकडत पडलो होतो. पहाटे कोल्हेकुई ऐकू आली आणि मुले जागी झाली.

चौथ्या दिवशी पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचे दर्शन घेतले, पूर्णगडावरून कशेळीपर्यंत गेलो, कनकादित्य पाहिला आणि सड्यावरचा कातळात कोरलेला प्रचंड हत्तीही पाहिला. कोकणातील ही कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहेत. त्यांवर स्वतंत्र व्याख्यान व्हावे, आणि ते जाणकाराने द्यावे.

कोणास असा प्रवास करावयाचा असेल तर अनुभवाचे चार शब्द सांगतो. वाहन लहानात लहान घ्यावे. रात्री कोठे उभे राहावयाचे ते दिवसाउजेडी, परवानगी घेऊन ठरवावे. फणसाच्या खाली आलेल्या फांद्यांकडे लक्ष असावे. आमच्या छताला एक ओरखडा पडला व त्याची भरपाई मोजावी लागली. आणि वृद्धांना घेऊन जाणार असाल तर आधी गावी एक फोन करावा. तो आम्ही केला नव्हता. घर पडल्यावर कोणत्या तोंडाने करावा, असे वाटत होते.

रकाना बदलण्याचा अर्ज पुढे पाठविला का, असे आमच्या शेजाऱ्यांनी मघाशी विचारले. तो अद्याप खणातच आहे. गेल्या आठवड्यात काकींच्या मुलाचा फोन आला होता. जोत्यावरचे रान बेणून घेऊ का, असे तो विचारीत होता. घे म्हणून सांगितले आणि गड्यांची मजुरी त्याच दिवशी पाठवून दिली.