नुसतं ‘ओके’ दाबू नका

आज आम्ही आमच्या ग्रामसंघात झालेली आमचीच एक चूक सांगणार आहोत. ऐकून हसू आलं तर हसा, पण तुमच्या ऑफिसात तसं होऊ देऊ नका.

आमच्या सगळ्या बचत गटांची बचत, कर्ज, हप्ते कॉम्प्युटरवर असतात. दर शुक्रवारी एक प्रोग्राम त्याची नक्कल, म्हणजे बॅकअप, बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतो. डिसेंबरपासून दर शुक्रवारी पडद्यावर लाल फुली यायची आणि खाली आकडा: शून्य, एक्स, ८००७००७०. आम्हाला वाटायचं, मशिनचं काहीतरी असेल. ‘ओके’ दाबायचं आणि चहाला जायचं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात कॉम्प्युटर बंद पडला तो पडलाच. डिस्क जोडून पाहिली, तर शेवटचा बॅकअप नोव्हेंबरचा. तीन महिन्यांचे हिशोब गेले, आणि वर्षअखेर तोंडावर!

मग घरोघरी जाऊन पासबुकं गोळा केली. आमच्या एका काकूंचं पासबुक घर बदलताना हरवलेलं. त्या म्हणाल्या, “दोन हप्ते भरलेत गं मी. आता माझ्यावर विश्वास कोण ठेवणार?” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि आमच्या माना खाली गेल्या. नशीब, बैठकीच्या हाती लिहिलेल्या वहीत दोन्ही हप्त्यांची नोंद सापडली. नाहीतर आमच्या ‘ओके’ची शिक्षा काकूंना झाली असती.

मग तो आकडा काय सांगत होता? सुरुवातीचं ८००७ म्हणजे ही विंडोजची नेहमीची तक्रार आहे. खरा निरोप शेवटच्या आकड्यांत असतो. कॉम्प्युटर सोळाच्या पटीत मोजतो, म्हणून त्याचे ७० म्हणजे सात सोळा, आपले ११२. विंडोजच्या यादीत ११२ नंबरला लिहिलंय: डिस्कवर जागा नाही. एवढंच! डिस्क उघडून पाहिली, तर आमच्यातल्याच एकीच्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग त्यात भरून ठेवलेलं.

आणखी दोन आकडे नेहमी दिसतात. शेवटी ०००५ असेल, तर परवानगी नाकारली. तेव्हा ज्या नावाने कॉम्प्युटर उघडलाय त्याला त्या फोल्डरचा अधिकार आहे का ते पाहा. शेवटी ०४५डी असेल, तर डिस्कवर लिहिता-वाचता येत नाही. आधी वायर बदला, दुसऱ्या खाचेत लावून पाहा. तरी तेच आलं, तर डिस्क जायला लागली असं समजा. तिच्यावरचं आहे ते लगेच दुसरीकडे उतरवून घ्या.

आकडा आला की आधी मोबाइलवर त्याचा फोटो काढा. तारीख आणि त्या वेळी काय चाललं होतं तेही वहीत लिहा. जाणकाराला “बिघडलंय” एवढंच सांगितलं तर त्याला काही कळत नाही, पण आकड्यावरून कळतं. आणि इंटरनेटवर आकडा शोधताना मदतीचा म्हणून कुठलाही फोन नंबर दिसला, तर लावू नका. अनोळखी माणसाच्या हाती कॉम्प्युटर देऊ नका, ओटीपी तर मुळीच सांगू नका.

शेवटची गोष्ट. हिरवी खूण आली म्हणजे झालं असं नाही. लोणच्याची बरणी अधूनमधून उघडून बघतो ना आपण? तसं महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी फाइल परत काढून, उघडून बघा. नकला दोन ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. ऑफिसात पाणी शिरलं, चोरी झाली, तरी एक वाचेल.

३१ मार्चला जगभर बॅकअप दिवस पाळतात, आणि आपले हिशोबही त्याच दिवशी बंद होतात. म्हणजे लक्षात ठेवायला सोपं. आमच्याकडे आता शुक्रवारी दोघी जणी बसतात. एक पडदा वाचते, दुसरी वहीत लिहिते. काकू येता-जाता विचारतात, “काय गं, आज हिरवं का लाल?” तुम्हीही विचारत जा. त्यात पैसा आपलाच असतो.