कर्णा, कण आणि कारागीर



औंढा नागनाथनजीक गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हावयाची आहे. 2023 साली तिला केंद्र सरकारची मंजुरी मिळाली. तेथे आपल्या मुलांना पहाऱ्याखेरीज काही काम मिळेल काय, असे पालक आम्हांस विचारतात. उत्तरादाखल आम्ही एका निराळ्याच यंत्राची हकीकत सांगणार आहोत.

न्यूट्रिनो हा विद्युद्भाररहित कण. 1965 साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसमवेत, वातावरणात जन्मणाऱ्या न्यूट्रिनोंची नोंद घेतली. परंतु त्यांचा झोत हवा असेल तर? भारच नाही, तेव्हा चुंबकाचे त्यांच्यापुढे काही चालत नाही. पाणी वळवावयाचे ते पाटातच. जमिनीत मुरल्यावर दारे धरून काय उपयोग? येथेही तसेच. वेगवान प्रोटॉन ग्राफाइटवर आदळले की पायॉन निघतात. त्यांना भार असतो, आणि त्यांच्या विघटनातून न्यूट्रिनो जन्मतात. म्हणून वळवावयाचे ते पायॉनांना, विघटनापूर्वीच.

जिनिव्हाच्या सर्न संस्थेत सिमॉन व्हान डर मीर यांनी 1961 साली यासाठी ‘हॉर्न’, म्हणजे कर्णा, योजिला. अॅल्युमिनियमचे दोन पोकळ वाहक, एकात एक बसविलेले. एकातून वीज जाते, दुसऱ्यातून परतते, आणि चुंबकीय क्षेत्र दोहोंमधील पोकळीत उत्पन्न होते. वीज दोन-तीन लाख अँपिअर, परंतु क्षणिक हिसक्यांनी. आतला वाहक जाड केला तर पायॉन अडतात; पातळ केला तर लक्षावधी हिसक्यांनी तो चिरण्याचे भय. तापतो म्हणून त्यावर पाण्याचे फवारे. विजेची दिशा उलटविली की प्रतिन्यूट्रिनोंचा झोत मिळतो, ही एक मौजच! मात्र वापराने कर्णा किरणोत्सारी होतो. मग जवळ जाऊन पाना लावणे नाही. जे करावयाचे ते दुरून. सांधा आरंभीच निर्दोष हवा.

फर्मीलॅब या अमेरिकन प्रयोगशाळेत न्यूट्रिनो-प्रयोगांसाठी उभारल्या जाणाऱ्या नव्या प्रोटॉन-त्वरकाच्या चाचणीला ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने चुंबके करून दिली. असल्या कामास सिद्धांती लागतो तितकाच जोडारी, कातारी आणि संधाता लागतो. औंढ्याच्या चार-चार किलोमीटर निर्वात नळ्यांनाही सांधे असणारच.

आमच्या शिष्यवृत्त्या आजवर पदवीच्या विद्यार्थ्यांनाच मिळत आल्या. आयटीआयच्या मुलामुलींसाठी त्यांतील निम्म्या राखाव्यात, अशी आमची कार्यकारिणीस विनंती आहे. निर्णय येत्या प्रवेशांपूर्वी व्हावा.