मुलाच्या हाती किती पडले?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणाचे महत्त्व सांगणारे वक्ते माझ्या आधी बोलून गेले. चिटणीस साहेबांनी माझ्याकडे जरा रूक्ष विषय सोपवला आहे. परदेशात शिकणाऱ्या मुलाला पैसे पाठवायचे तर मोबाइलवरची कोणती सेवा निवडावी, हा तो विषय. रूक्ष खरा, पण डहाणू-तलासरीच्या ज्या घरातले मूल जॉर्जियाला, उझबेकिस्तानला किंवा इंग्लंडला गेले आहे, त्या घराला विचारा. पावसाळ्यात मासेमारी बंद, चिकूचा भाव पडलेला आणि नेमकी तेव्हाच फीची नोटीस दारात. अशा वेळी पाच हजार रुपये वाचले काय किंवा बुडाले काय, घराला फरक पडतो.

हा प्रश्न आपल्याला नवा वाटतो, पण तो जुनाच आहे. बद्रुद्दीन तय्यबजी १८६० साली मुंबईहून विलायतेस शिकायला गेले, १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले आणि पुढे १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लामच्या स्थापनेत पुढे होते. त्यांच्यामागे सधन व्यापारी घर होते. सगळ्यांचे तसे नसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० साली शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला गेले ते साठवलेल्या पगारावर आणि मित्राकडून घेतलेल्या उसनवारीवर. सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांना छत्रपती शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंडांचे कर्ज मागावे लागले. त्या काळात हुंडणावळीच्या दराने, म्हणजे आज ज्याला आपण एक्सचेंज रेट म्हणतो त्याने, हिंदी विद्यार्थ्यांचे कंबरडे मोडले होते. १९२० च्या आरंभी रुपयाला दोन शिलिंगांहून अधिक मिळत होते. १९२१ मध्ये तो दर एक शिलिंग चार पेन्सच्या आसपास आला. म्हणजे मुंबईहून निघालेल्या ज्या शंभर रुपयांचे लंडनमध्ये दहा पौंड व्हायचे, त्यांचे साडेसहा-पावणेसात पौंड होऊ लागले. पाठवणाऱ्याने काही कमी पाठवले नव्हते. बाबासाहेबांनी पुढे १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचा विषय हाच होता: रुपयाची किंमत कोण ठरवतो आणि ती कशी टिकावी.

यातून आपण एकच गोष्ट शिकायची आहे. घरातून किती रुपये गेले एवढ्यावर हिशेब संपत नाही. मुलाच्या हाती किती पडले, हा खरा हिशेब.

मी आयुष्यभर बँकेच्या काउंटरमागे बसलो. निवृत्तीनंतर माझ्याकडे तलासरी भागातील एक पालक आले. मुलगा वैद्यकीय शिक्षणासाठी बाहेर. फी चार हजार डॉलर. एका सेवेची 'पाठवणावळ शून्य' अशी जाहिरात पाहून त्यांनी पैसे पाठवले. मधल्या बँकेने पंचवीस डॉलर कापले आणि विद्यापीठात फी पंचवीस डॉलरने कमी पोचली. मुलाची नोंदणी अडली. शेवटी खोलीतल्या सोबत्याकडून उसने घेऊन त्याने फरक भरला. पावती पाहिली तेव्हा आणखी कळले की बाजारातल्या दरापेक्षा डॉलरमागे दोन रुपये जास्त लावले होते. म्हणजे शून्य पाठवणावळीचे आठ हजार रुपये झाले!

दुसऱ्या ठिकाणी समजा हजार रुपये पाठवणावळ आहे, पण दरात फक्त पन्नास पैसे वर आहेत. तिथे दरापोटी दोन हजार आणि पाठवणावळीचे एक हजार, एकूण तीन हजारांत काम झाले असते. म्हणून जाहिरातीतला 'शून्य' पाहू नका. कोणतीही सेवा असो, तिला एकच प्रश्न विचारा: "माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील आणि पलीकडे नेमके किती डॉलर जमा होतील?" हा प्रश्न एकाच दिवशी, एकाच तासात तीन ठिकाणी विचारा आणि उत्तरे वहीत लिहा. कारण दर दिवसभर हलत असतो. आदल्या दिवशीच्या दराशी तुलना करून काही समजत नाही. तुलनेसाठी एफबीआयएल ही संस्था कामकाजाच्या दिवशी डॉलरचा संदर्भ दर जाहीर करते, तो पाहावा. शनिवारी-रविवारी बाजार बंद असतो, तेव्हा पुष्कळ सेवा दर थोडा चढवून ठेवतात. घाई नसेल तर सोमवारची वाट पाहावी.

एकूण खर्चात काय काय येते ते मोजून घ्या. पहिला, दरातील फरक. हा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी दिसणारा. दुसरी, पाठवणावळ. तिसरा, चलन बदलण्यावरचा जी.एस.टी.; पाच लाख रुपयांवर तो ५४० रुपये होतो, त्याने घाबरायचे कारण नाही. चौथी, मधल्या बँकेची कपात. पैसे स्विफ्ट नावाच्या जाळ्यातून एका बँकेकडून दुसरीकडे जातात आणि वाटेतली बँक आपले शुल्क कापू शकते. फी भरताना 'सर्व शुल्क पाठवणाऱ्याकडे' हा पर्याय निवडावा, म्हणजे तिथे पूर्ण रक्कम पोचण्याची शक्यता जास्त.

पाचवी गोष्ट टी.सी.एस. १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात एका व्यक्तीने पाठवलेल्या १० लाख रुपयांपर्यंत हा कर घेतला जात नाही. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून फी गेली तर तो लागतच नाही. १० लाखांच्या वर शिक्षणासाठी दर कमी, इतर बहुतेक कारणांसाठी जास्त असतो. अर्थसंकल्पात तो बदलतो, म्हणून त्या वर्षीचा विचारून घ्यावा. अर्जात कारण भरताना शिक्षणाचा संकेतांक एस ०३०५ निवडला आहे ना, हे स्वतः पाहा. कापलेला कर आयकर विवरणपत्र भरल्यावर आपल्या देय करातून वजा होतो किंवा परत मिळतो. जे विवरणपत्र भरत नाहीत त्यांचे पैसे तिथेच पडून राहतात. आणखी एक: ही मर्यादा माणशी आहे. मुलाच्या आईचे स्वतःचे पॅनकार्ड, खाते आणि उत्पन्न असेल तर तिची मर्यादा वेगळी. भगिनींनो, खाते केवळ नावापुरते ठेवू नका.

आता वाटेविषयी. आखातातून भाऊ पैसे पाठवतो आणि आपण वेस्टर्न युनियनच्या खिडकीवर ते घेतो, हे आपल्याकडे अनेकांना ठाऊक आहे. पण ती खिडकी ज्या मनी ट्रान्स्फर योजनेखाली चालते, ती फक्त पैसे देशात आणण्यासाठी आहे; तिच्यातून बाहेर पाठवता येत नाहीत. शिक्षणासाठी पैसे रिझर्व्ह बँकेच्या २००४ च्या उदारीकृत योजनेखाली जातात. तिची मर्यादा आज वर्षाला अडीच लाख डॉलर आहे आणि पॅन सक्तीचा आहे. आपल्या लहान गावांत प्रत्येक बँक शाखेला परकीय चलनाचे काम करण्याचा अधिकार नसतो; तिथे ऑनलाइन सेवा खरोखर उपयोगी पडते. मात्र ती सेवा कोणत्या अधिकृत बँकेमार्फत किंवा परवानाधारकामार्फत पैसे पाठवते, ते आधी वाचा. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर अधिकृतांची यादी आहे आणि अनधिकृत चलन-व्यवहार करणाऱ्यांची सावधगिरीची यादीही आहे. अनेक विद्यापीठे फ्लायवायर किंवा कन्वेरा यांसारख्या सेवेतून फी घेतात. तसे असेल तर दुवा विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उघडावा. व्हॉट्सॲपवर कोणी पाठवलेल्या दुव्यावरून कदापि नाही.

हवाल्याविषयी स्पष्ट बोलतो. हवाला हा शब्द फिक्हमध्ये आहे, हुंडी ही आपल्या पेढ्यांची सचोटीची रीत होती आणि आपले आजोबा-पणजोबा तिच्यावर व्यापार करत. परंतु आज अधिकृत मार्ग सोडून परकीय चलन पाठवणे फेमा कायद्याचे उल्लंघन ठरते आणि रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. एजंटाच्या हाती रोख फी देणे हेही त्याच वाटेचे. तो म्हणतो 'मी भरतो', पण पावती तुमच्या नावाची नसते. उद्या विद्यापीठ म्हणाले फी आली नाही, तर तुम्ही काय दाखवणार? सूरह बकराहची २८२ वी आयत, कुरआन शरीफातील सर्वांत लांब आयत, देण्याघेण्याचे लिहून ठेवण्याविषयीच आहे. विश्वास असला तरी लिखापढी हवी, ही शिकवण आपल्याला परकी नाही.

प्रवेश घेण्यापूर्वीच पैशाचा रस्ता तपासा. मार्च २०२२ मध्ये सात रशियन बँका स्विफ्टमधून वगळल्या गेल्या आणि तिथल्या विद्यार्थ्यांना फी मागवणे कठीण झाले. इराणच्या बाबतीतही निर्बंधांमुळे साधा बँकमार्ग अवघड आहे. कॉलेज स्वस्त आहे, पण तिथे पैसे कसे पोचणार, हे एजंटाला नव्हे, बँकेला विचारा.

विद्यार्थी मित्रांनो, निम्मे काम तुमचे आहे. पासपोर्टवरचे नाव, विद्यापीठाचा खातेक्रमांक, आठ किंवा अकरा अक्षरांचा स्विफ्ट कोड, जिथे लागतो तिथे आयबॅन आणि तुमचा विद्यार्थी क्रमांक, हे सर्व स्वच्छ लिहून अब्बांना पाठवा. 'खाते बदलले, या नव्या खात्यात भरा' असा ई-मेल आला तर विद्यापीठात स्वतः जाऊन विचारा. पैसे पोचले की किती पोचले ते त्याच दिवशी घरी कळवा. आणि पालकांनो, मुदतीच्या दहा-बारा दिवस आधी पैसे पाठवा, स्विफ्टची प्रत जपून ठेवा. फसवणूक झाली तर लाजून बसू नका. त्याच तासात १९३० या क्रमांकावर कळवा. बँकेने तक्रार तीस दिवसांत सोडवली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

आपल्या भागातून बाहेर शिकायला जाणारी मुले अजून मोजकीच आहेत. त्यांच्यातले एकही फीच्या पंचवीस डॉलरसाठी अडू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. आज घरी गेल्यावर मागच्या वेळची पावती काढा. किती रुपये गेले आणि किती डॉलर पोचले, याचा हिशेब मुलांसोबत बसून करा. पुढच्या वेळी कोणती सेवा निवडायची, याचे उत्तर त्या कागदावरच मिळेल.

खुदा हाफिज.